कोकणातल्या रस्त्यांसाठी गाडीचं हँडलिंग: टायर, डँपर, स्प्रिंग. आधी काय बदलावं?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ टीएसआय, डीएसजी. मूळचे २०५/५५ आर १६ टायर संपत आलेत, खोबणीत जेमतेम अडीच मिमी शिल्लक आहे. वापर म्हणजे रोजचं शहर, दर आठवड्याला आंबा घाटातून कोल्हापूर, आणि किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळे-जयगड, तिथून फेरीने तवसाळ आणि पुढे गुहागर.

सरळ रस्त्यावर काही तक्रार नाही. तक्रारी दोन आहेत. घाटात थोडं दमदार वळण घेतलं की नाक बाहेर जातं, म्हणजे स्टिअरिंग जास्त वळवूनही गाडी हवी तेवढी वळत नाही. दुसरं, वळणात मध्येच खड्डा किंवा रस्त्याचा जोड लागला की मागची बाजू उडते आणि जरा बाजूला पडते.

डोक्यात तीन गोष्टी आहेत: १७ इंची अलॉय, ३० मिमी खाली बसवणारे स्प्रिंग आणि मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा). सगळं मिळून लाख-सव्वा लाखाचं बजेट. कशापासून सुरुवात करू? पावसाळ्याआधी काम आटपायचं आहे.

---

टॉर्करेंच (पनवेल)

खाडीकाठ, तुमच्या यादीत टायरचा उल्लेख फक्त 'संपलेत' एवढाच आहे. माझ्या मते सगळ्यात आधी तेच. गाडी रस्त्याला धरते ती चार ठिकाणी, आणि एकेका ठिकाणी साधारण तळहाताएवढंच रबर टेकलेलं असतं. तिथे पकड नसेल तर वरचा कुठलाही महागडा भाग ती निर्माण करू शकत नाही. स्प्रिंग-डँपरचं (डँपर म्हणजे शॉक अब्सॉर्बर) काम एवढंच की ते रबर रस्त्याला सतत आणि सारख्या दाबाने टेकलेलं राहावं.

मापाचा हिशोब आधी मांडतो, कारण दुकानात इथेच गोंधळ होतो. २०५/५५ आर १६ चा बाहेरचा व्यास ६३२ मिमी आणि बाजूची भिंत ११३ मिमी. १७ इंचात गेलात तर २१५/४५ चा व्यास ६२५, २२५/४५ चा ६३४ आणि २०५/५० चा ६३७. हे सगळे मूळ व्यासाच्या एका टक्क्याच्या आसपास बसतात. २१५/५० आर १७ मात्र ६४७ म्हणजे जवळजवळ अडीच टक्के मोठा. स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी दाखवायला लागेल आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या लायनरला (चाकाच्या कमानीतल्या अस्तराला) घासायची शक्यता. मूळ व्यासापासून दोन टक्क्यांपलीकडे जाऊ नका.

आता १७ घ्यावा का? २१५/४५ मध्ये बाजूची भिंत ९७ मिमीवर येते. स्टिअरिंगचा प्रतिसाद थोडा लवकर मिळतो हे खरं. पण त्याच्या बदल्यात खड्ड्याच्या धारेवर रिम वाकणं, टायरच्या भिंतीला फुगा येणं आणि जड चाक पदरात पडतं. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, म्हणून तिथलं एक-दोन किलोही डँपरला जाणवतं. खराब रस्त्यावर जड चाक उडालं की खाली यायला वेळ घेतं, आणि तेवढा वेळ पकड नसते. तुमची दुसरी तक्रार नेमकी हीच आहे, १७ इंचाने ती वाढेल. १६ मध्येच राहा.

टायर घेताना भिंतीवर पाच गोष्टी वाचा. लोड इंडेक्स ९१ (प्रत्येक टायरला ६१५ किलो) किंवा जास्त. ८७ म्हणजे ५४५ किलो, तो चालणार नाही. स्पीड रेटिंग व्ही किंवा वरचं. डॉट कोडचे शेवटचे चार आकडे: २३२५ असेल तर २०२५ सालचा २३वा आठवडा. चारही टायर एकाच सुमाराचे हवेत. किनाऱ्यावरच्या दुकानात उन्हात पडून राहिलेला जुना माल स्वस्तात मिळाला तरी नको, रबर कडक झालेलं असतं. चौथं ट्रेडवेअर (झिजेला किती टिकतो त्याचा आकडा). ५०० च्या वरचे टायर चालतात खूप, पण ओल्यात साधारणपणे ३०० च्या आसपासच्या टायरइतके धरत नाहीत. हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या चाचणीवरून देते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची करा. पाचवं ट्रॅक्शनचं अक्षर (ओल्यात ब्रेक लावतानाची पकड), ते एए किंवा ए असावं.

तुमच्या वापराला मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, कॉन्टिनेंटल अल्ट्राकाँटॅक्ट यूसी६ या जातीचा टायर या मापात मिळत असेल तर तो पाहा. आणि चारही एकाच मॉडेलचे घ्या. पुढे भारी आणि मागे साधे असं करू नका. ओल्या रस्त्यात मागची बाजू आधी सुटली तर सावरायला वाव फार कमी असतो.

---

जांभाचिरा (चिपळूण)

टॉर्करेंचभाऊंशी सहमत. त्यात इथल्या रस्त्यांचं जोडतो, कारण घाटमाथ्यावरचा सल्ला कोकणात जसाच्या तसा लागू पडत नाही.

जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचं तेल, रबर आणि लाल माती मिळून जो थर होतो तो दोन-तीन मोठे पाऊस होईपर्यंत धुऊन जात नाही. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर कापलेल्या बाजूने जांभ्याची माती आणि बारीक खडी वाहून येते आणि ती नेमकी वळणाच्या आतल्या कडेला साचते. म्हणजे आतली कड कापून वळण घेणाऱ्याचं पुढचं आतलं चाक खडीवर जातं. झाडांच्या दाट सावलीतल्या पट्ट्यांत शेवाळ धरतं, आंबोली आणि कुंभार्लीत ते हमखास दिसतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीटवर पाणी खोबणीतून निघून जातं, पण काँक्रीट संपून डांबर लागतं तिथे जोडावर चर असतो आणि त्यात पाणी तुंबतं.

पाण्यावर तरंगण्याचा वेग काढायचं एक ढोबळ सूत्र आहे. नासाने विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून ते आलं. टायरमधल्या दाबाचं (पीएसआय) वर्गमूळ काढा आणि १६.७ ने गुणा, किमी प्रतितास मिळतात. ३३ पीएसआयला साधारण ९६, २५ पीएसआयला ८३. गाडीच्या टायरला चांगली खोबण असेल तर वेग याच्या वर जातो, टायर गुळगुळीत असेल आणि पाणी साचलेलं असेल तर याच्या जवळ येतो. म्हणजे हवा कमी ठेवली की पकड वाढते हा समज पावसात उलटा पडतो.

कायद्याने खोबण १.६ मिमीपर्यंत चालते. कोकणात मे महिन्यात ३ मिमीच्या खाली असेल तर टायर बदलून टाकावा. तुमचे अडीचवर आहेत, म्हणजे विषय संपला. खोबणी निवडताना परिघाभोवती सलग जाणाऱ्या तीन-चार रुंद नाल्या असलेला नमुना घ्या. पाणी त्यांतूनच बाहेर पडतं.

---

घाटरस्ता (सावंतवाडी)

आता स्प्रिंग आणि डँपर. खाडीकाठ, तुमची दुसरी तक्रार वाचून मला बंप स्टॉपचा संशय येतो.

बंप स्टॉप म्हणजे डँपरच्या दांड्यावर बसवलेला फोमचा तुकडा. चाक वर दाबलं गेलं की शेवटच्या भागात गाडी त्यावर टेकते. तो नुसता रोधक नाही, एक फार कडक स्प्रिंगच आहे. वळणात बाहेरचं चाक आधीच दाबलेलं असतं. त्यात खड्डा आला आणि मागचा बंप स्टॉप टेकला की मागच्या त्या चाकावरचा भार एकदम उसळतो, टायर तेवढं झेलत नाही आणि मागची बाजू पाऊलभर सरकते. पुढचा टेकला तर नाक बाहेर जातं. मूळ उंचीवर, डँपर जुने होत आले की आणि मागे सामान-माणसं असली की हे घडायला लागतं. ३० मिमी खाली केल्यावर दाबायची उरलेली जागा तेवढीच कमी होते, म्हणजे हे जवळपास प्रत्येक मोठ्या खड्ड्यावर होईल.

तपासायची सोपी पद्धत. चारही डँपरच्या दांड्यावर एकेक पातळ प्लास्टिकची केबल टाय घट्ट पण सरकेल अशी बांधा आणि खाली डँपरच्या तोंडाशी, सीलवर टेकवून ठेवा. धुळीचं आवरण असेल तर ते आधी वर सरकवावं लागेल. मग नेहमीचा घाट नेहमीच्या भाराने एकदा चढून-उतरून या. केबल टाय जिथे थांबली तिथपर्यंत सस्पेन्शन दाबलं गेलं. ती बंप स्टॉपच्या तळाशी किंवा त्याच्याही वर, दबलेल्या फोममध्ये घुसलेली मिळाली तर उत्तर मिळालं. दांड्यावर पक्कड, सँडपेपर काही लावू नका. क्रोमवर ओरखडा पडला की सील फाडतो.

त्याच वेळी डँपरच्या अंगावर हात फिरवा. हलकी धूळ चिकटलेली असेल तर चालतं. ओलं तेल ओघळून खाली आलेलं असेल तर डँपर गेला. फेंडर दाबून सोडायची चाचणी आजच्या गाड्यांत फारसं सांगत नाही, तिच्यावर विसंबू नका.

माझा सल्ला: स्प्रिंग मूळचेच ठेवा आणि डँपर चांगले घ्या. बिलस्टाइनच्या यादीत बी६ हा मूळ उंचीसाठी आणि बी८ हा खाली बसवलेल्या स्प्रिंगसाठी आखूड केलेला असतो. बी८ मूळ स्प्रिंगबरोबर लावू नये आणि बी६ जास्त खाली केलेल्या गाडीत लावू नये. युरोपातल्या पोलोचे भाग व्हर्टसला बसतात असं दुकानदार सांगतात. पाया एकाच घराण्यातला असला तरी भारतीय गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), वजन आणि उंची वेगळी आहे. मागवण्याआधी पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि डँपरच्या एकत्र खांबाच्या) नळीचा बाहेरचा व्यास, मागच्या डँपरची बंद आणि उघडी लांबी आणि खालच्या बुशची (जोडातल्या रबरी बाहीची) रुंदी व्हर्नियरने मोजून यादीशी ताडून बघा.

---

खाडीकाठ (रत्नागिरी)

केबल टायची युक्ती भारी आहे, या रविवारीच करतो. पण घाटरस्ता, एक शंका. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, मग वळणात कलणं कमीच व्हायला हवं ना? सगळीकडे तसंच वाचलंय.

---

घाटरस्ता (सावंतवाडी)

रास्त प्रश्न. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गंमत अशी की गाडी ३० मिमी खाली आली की गुरुत्वमध्य ३० मिमीच खाली येतो, पण रोल सेंटर (ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो) त्याहून जास्त खाली जातो. गाडी कलते ती या दोहोंमधल्या अंतराच्या तरफेने. म्हणजे तरफ लांब होते. स्प्रिंग कडक असल्यामुळे कलणं कमी वाटतं, पण त्यातला बराचसा कडकपणा ही वाढलेली तरफ भरून काढण्यातच खर्ची पडतो.

शिवाय खालचा आर्म (चाक धरणारा दांडा) उताराऐवजी आडवा किंवा उलट चढता झाला की चाक दाबलं जाताना कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकण्याचा कोन) वाढायच्या ऐवजी कमी होतो. बाहेरच्या टायरची बाहेरची कड घासते आणि नाक बाहेर जातं. तुमची पहिली तक्रार. टाय-रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलतो, त्यामुळे खड्ड्यावर स्टिअरिंग स्वतःहून हलल्यासारखं वाटतं. हे सगळं दुरुस्त करायला लांब पिनचे बॉल जॉइंट मिळतात, पण तो खर्च आणि ती कटकट रस्त्यावरच्या गाडीला कशाला?

खाली करायचीच असेल तर १५ मिमीपर्यंत, जोडीचे डँपर घेऊनच. मूळ डँपरवर नुसते स्प्रिंग बदलणं सगळ्यात वाईट.

---

लाटालाटा (दापोली)

उंचीबद्दल किनाऱ्याकडचा एक मुद्दा राहतोय. फेरी. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडले, आगरदांडा-दिघी, सगळीकडे बोटीचा लोखंडी रॅम्प जेट्टीच्या उतारावर टेकतो आणि तिथे एक कोन तयार होतो. पाणी किती आहे आणि बोटीवर भार किती आहे त्यावर तो कोन बदलतो. व्हर्टससारख्या लांब व्हीलबेसच्या गाडीला मधला भाग टेकण्याचा धोका आणि पुढच्या बंपरच्या ओठाला रॅम्पची धार लागण्याचा धोका, दोन्ही आहेत. मूळ उंचीला गाडी सहज जाते. ३० मिमी खाली करून चार माणसं बसवली की घासते. खलाशी फळ्या ठेवतात, पण प्रत्येक वेळी नाही. उतरताना माणसं खाली उतरवून एकट्या चालकाने आणावी.

गावातले गतिरोधक वेगळेच. सिंधुदुर्गातल्या आतल्या रस्त्यांवर मातीचा बंधारा घातल्यासारखे आहेत, पांढरा पट्टाही नसतो.

---

वेंगुर्ला_टो (वेंगुर्ले)

खाडीकाठदादा, अलाइनमेंटचं (चाकांचे कोन जुळवण्याचं) कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. नाक बाहेर जाण्याची तक्रार अर्धी इथेच सुटते, आणि पैसेही सगळ्यात कमी लागतात.

जुने टायर काढण्याआधी त्यांच्यावर हात फिरवा. टायरच्या माथ्यावर तळहात बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे न्या, मग उलट आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने ब्लॉकच्या कडा बोटांना टोचत असतील तर टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) चुकलेला आहे. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना टोचत असेल तर टो-इन जास्त. उलट असेल तर टो-आउट. फक्त बाहेरचा खांदा झिजलेला असेल तर कॅम्बर कमी पडतोय किंवा हवा कमी राहिली आहे. हे निदान नवीन टायर बसल्यावर करता येत नाही, म्हणून आत्ताच करा आणि फोटो काढून ठेवा.

यंत्रावर गाडी चढवण्याआधी काय पाहायचं: चारही चाकांत दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा, टाय-रॉड एंड आणि बॉल जॉइंटला ढिलाई नाही, खालच्या आर्मचे बुश फाटलेले नाहीत. बुश फाटका असेल तर यंत्रावर आकडा बरोबर येईल आणि ब्रेक मारल्यावर बिघडेल. डिकीतलं सामान काढा. कारागिराने प्रत्येक चाकाचा रनआउट (फिरताना होणारं डुगडुगणं) काढलाच पाहिजे. घाई करून ते टाळलं तर वाकलेल्या रिमची चूक टो म्हणून मोजली जाते.

आकडे. पुढचा कॅम्बर बहुतेक गाड्यांत मूळचा अर्ध्या अंशाच्या आसपास निगेटिव्ह असतो. रस्त्यावरच्या वापराला उणे १ अंश १५ मिनिटांपासून उणे दीड अंशापर्यंत नेलात तर वळणात बाहेरचा टायर सपाट टेकतो आणि नाक धरतं. टो जवळपास शून्य किंवा एखाद-दुसरं मिनिट इन ठेवलात तर एवढ्या कॅम्बरने टायरची आतली कड विशेष झिजत नाही. टायर खाणारा खरा गुन्हेगार टो असतो. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको.

कॅम्बर मिळवायचा कसा, हे गाडी खालून बघून ठरतं. स्ट्रट खाली दोन बोल्टांनी नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) जोडलेला असेल तर वरच्या बोल्टच्या जागी विकेंद्री कॅम्बर बोल्ट बसतो. फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत स्ट्रट नकलच्या पिंच क्लँपमध्ये घुसवलेला असतो, तिथे हा बोल्ट लागू नाही. तिथे सबफ्रेमच्या (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) बोल्टांच्या भोकांतल्या मोकळीकीने दोन्ही बाजू समान करता येतात, आणि जास्त हवा असेल तर वर कॅम्बर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक सरकवता येणारी). कॅम्बर प्लेट रबराशिवाय धातूच्या बेअरिंगवर असेल तर खडखडाट येतो आणि खारट हवेत ते बेअरिंग लवकर जातं. रबरी माउंट असलेलीच घ्या किंवा आहे तेवढ्यावर भागवा.

मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारी, पिळ घेणारी तुळई) आहे, तिथे स्क्रूने काही फिरवता येत नाही. फक्त थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेपासून किती तिरकी आहेत) बघा. तो चुकला असेल तर बीमच्या बुशकडे लक्ष द्या, नाहीतर हबखाली पातळ शिम लागते.

आधीची आणि नंतरची छापील शीट घ्या. 'झालं, बरोबर केलंय' एवढ्यावर पैसे देऊ नका.

---

टॉर्करेंच (पनवेल)

ताई, बुश आणि रनआउटचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

बसवण्याच्या कामात दोन चुका वारंवार होतात. पहिली, आर्म आणि बीमचे रबरी बुश गाडी लिफ्टवर लटकलेली असताना आवळणं. त्या वेळी चाकं खाली लोंबत असतात. तशात बोल्ट घट्ट केला की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उंच बसते, कडक वाटते आणि बुश वर्षभरात फाटतो. बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उतरवा किंवा जॅकने हब वर उचलून प्रवासाच्या उंचीवर आणा, मगच शेवटचा टॉर्क द्या.

दुसरी, जुने बोल्ट परत लावणं. सस्पेन्शनमधले पुष्कळ बोल्ट एकदाच वापरायचे असतात, टॉर्क अधिक ९० अंश असं लिहिलेलं असेल तर ते ताणले जाणारे बोल्ट. नवीन घ्या. स्ट्रट उघडताय तर वरचा माउंट आणि त्याचं बेअरिंग नवीन बसवा, पुन्हा उघडायची मजुरी भागापेक्षा महाग पडते. स्प्रिंग दाबायला दोन हुकांचा हलका कॉम्प्रेसर वापरत असतील तर तिथे काम देऊ नका. दाबलेला स्प्रिंग सुटला तर माणूस दगावू शकतो.

---

खारावारा (मालवण)

कॉइलओव्हरचा (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-डँपर संचाचा) विचार कोणाच्या मनात असेल तर किनाऱ्याचा खारेपणा आधी लक्षात घ्या. उंची बदलायची कड्यांची आटी साध्या झिंक मुलाम्याची असेल तर एका पावसाळ्यात पांढरी पूड धरते आणि कडं जागीच बसतं. मग उंची बदलायची म्हणून घेतलेली वस्तू नुसतीच महाग उरते. केडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत नळी स्टेनलेस स्टीलची असते, किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्याचे जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही. कुठलंही असो, आटीवर अँटी-सीझ लावा, वरून कापडी आवरण घाला आणि तीन महिन्यांनी कडं एक फेरा वर-खाली करून परत जागेवर आणा. दांड्याला मात्र ग्रीस कधीच लावू नका, धूळ धरून सील खातं.

समुद्राच्या वाळूत गाडी घालू नका. किनाऱ्याच्या रस्त्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने खालची बाजू, स्प्रिंगच्या खालच्या बश्या आणि बीमचा आतला खळगा धुवा. स्प्रिंगच्या शेवटच्या वेटोळ्याखाली वाळू आणि मीठ अडकतं, तिथेच रंग खरवडला जातो आणि तिथूनच स्प्रिंग तुटतो.

पॉलियुरेथेन बुशही इथे विचार करूनच. कडक असतात, प्रतिसाद छान देतात, पण ठरावीक काळाने सिलिकॉन ग्रीस नाही मिळालं तर करकरतात. साधं पेट्रोलियम ग्रीस मूळ रबरी बुशला लावू नका, रबर फुगतं.

---

मागचीचाकं (कुडाळ)

माझी गाडी वेगळी आहे, दोन आसनी बीएमडब्ल्यू झेड४, ई८९. पुढे २२५/४० आर १८, मागे २५५/३५ आर १८, रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे). वळणातल्या खड्ड्यावर ही पण उडते. वरचं सगळं मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही लागू आहे का?

---

घाटरस्ता (सावंतवाडी)

बरंचसं हो, दोन गोष्टी सोडून.

रनफ्लॅटची भिंत फार कडक असते, ती स्वतःच एक स्प्रिंग आहे ज्याला डँपर नाही. साध्या टायरवर गेलात की उडणं ताबडतोब कमी होईल. पण स्टेपनी नाही, तेव्हा डिकीत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, पंक्चर प्लगचा संच आणि सीलंट कायम ठेवा. भिंत फाटली तर यातलं काहीच उपयोगी नाही, टो-ट्रकचा नंबर जवळ असू द्या. रनफ्लॅट आणि साधे टायर मिसळू नका.

पुढची-मागची मापं वेगळी असल्याने टायर पुढे-मागे फिरवता येत नाहीत. मागचे लवकर झिजतात. मागची खोबण पुढच्यापेक्षा कमी होऊ देऊ नका, पावसात तर मुळीच नाही.

आणि मागे जाड अँटी-रोल बार हा सल्ला तुमच्यासाठी नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो नाक आत आणतो. तुमच्या गाडीत वळणातून बाहेर पडताना एक्सलरेटर दिला की मागचं आतलं चाक हलकं होऊन घसरायला लागेल.

---

खाडीकाठ (रत्नागिरी)

केबल टाय करून पाहिलं. मागच्या दोन्ही बाजूंना ती बंप स्टॉपमध्ये अर्ध्यापर्यंत घुसलेली होती. उजव्या मागच्या डँपरवर ओल आहे. पुढे ठीक आहे. टायरवर हात फिरवला तर पुढच्या दोन्ही टायरना बाहेर येताना कडा टोचतात, आणि बाहेरचे खांदे झिजलेत.

म्हणजे ३० मिमी स्प्रिंग आणि १७ इंच, दोन्ही बाद. अँटी-रोल बारचं काय?

---

घाटरस्ता (सावंतवाडी)

मग चित्र स्पष्ट आहे. मागचे डँपर गेलेत आणि पुढे टो-इन जास्त, कॅम्बर कमी. डँपर चारही बदला. निदान मागची जोडी तरी एकत्र, एक नवा एक जुना नको. बंप स्टॉप आणि धुळीची आवरणंही नवीन, जुने फोम हाताने चुरगळून पाहा, भुगा होतो.

बारचं थांबवा. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिमीचा २२ केला तर दोनच मिमी वाटतात, पण कडकपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. ट्विस्ट बीम हा मुळातच बारचं काम करतो, त्यावर बोल्टने जोडायचा जादा बार मिळतो. कोरड्यात छान वाटतं. ओल्या घाटात वळणाच्या मध्ये पाय एकदम उचलला तर मागची बाजू बाहेर येते, आणि बार जितका जाड तितकी लवकर. आधी टायर, डँपर, अलाइनमेंट करा. तरी ऑक्टोबरनंतर नाक बाहेर जातच असेल तर मग बार, तोही बदलता येण्याजोगी दोन भोकं असलेला, मऊ बाजूवर.

तोवर फुकटचा प्रयोग: कोरड्या रस्त्यावर मागच्या चाकांत स्टिकरपेक्षा २ पीएसआय जास्त ठेवून पाहा. नाकाचा फरक जाणवतो. पावसाळ्यात परत स्टिकरवर या.

---

जांभाचिरा (चिपळूण)

हवेबद्दल एक. मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. दर साडेपाच-सहा अंश सेल्सिअसला साधारण १ पीएसआय फरक पडतो. मे महिन्यात दुपारी पेट्रोल पंपावर भरलेले ३३ पहाटे घाटमाथ्यावर ३० असतात. आपला डिजिटल गेज ठेवा, पंपावरचे गेज बेभरवशाचे.

घाटात उतरायला ब्रेकही आले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि कोकणात हवेला ओलीची काय कमी. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश, ओल धरल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. दोन वर्षांत बदला. आंबा घाट उतरताना पॅडल मऊ पडायला लागला तर कारण बहुधा हेच.

---

मागचीचाकं (कुडाळ)

आरटीओ आणि विम्याचं कोणी सांगेल का?

---

टॉर्करेंच (पनवेल)

मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीच्या मूळ मापाचे टायर आणि मूळ उंचीचे डँपर हे देखभालीत मोडतं. रिमचं माप बदलणं, चाक मडगार्डच्या बाहेर काढणं, उंची बदलणं यावर आक्षेप येऊ शकतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि बिलं जपून ठेवा, दाव्याच्या वेळी तीच मागतात.

---

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. टायर २०५/५५ आर १६, ९१व्ही, चारही एकाच बॅचचे सांगितलेत. डँपर चारही, वरचे माउंट आणि बंप स्टॉपसह. शेवटचा प्रश्न: अलाइनमेंट डँपर बसले की त्याच दिवशी करू का? आणि चाकाचे बोल्ट किती आवळायचे?

---

वेंगुर्ला_टो (वेंगुर्ले)

त्याच दिवशी टो तेवढा जागेवर आणून घ्या, नाहीतर नवीन टायर पहिल्याच आठवड्यात झिजायला लागतील. पूर्ण अलाइनमेंट ३००-५०० किमीनंतर, भाग बसल्यावर. स्टिअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन यंत्रावर करून मागा, नाहीतर ईएससीचा (गाडी घसरताना सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू शकतो.

---

टॉर्करेंच (पनवेल)

बोल्ट १२० न्यूटन-मीटर, तुमच्या मॅन्युअलमध्ये ताडून घ्या. न्यूमॅटिक गनने नाही, टॉर्क रेंचने, एकाआड एक ताऱ्याच्या क्रमाने. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने आधी साफ करा, आटीला तेल लावू नका. ८०-१०० किमीनंतर पुन्हा एकदा तपासा. नवीन टायरवर साच्याचं वंगण राहिलेलं असतं, पहिले २००-३०० किमी कोरड्या रस्त्यावर बेताने चालवा. म्हणजे हे सगळं मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत व्हायला हवं.